सायकल आणि आपण बायका
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण कोणा शिकलेल्या बाईंचे व्याख्यान ठेवतो. यंदा कार्यकारिणीने ठरवले की आपल्यापैकीच कोणीतरी बोलावे, आणि माझे नाव पुढे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका. रोज जे करते तेवढेच सांगणार आहे. गेली दोन वर्षे मी सायकल चालवते, आणि तुम्हीही चालवावी असे मला मनापासून वाटते.

सातवीचाच धागा धरते. माझे माहेर साताऱ्याकडचे. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढचे हायस्कूल दोन कोसांवर. घरात सायकल एकच, ती थोरल्या भावाला मिळाली. मुलीने रोज दोन कोस जायचे नि दोन कोस यायचे म्हणजे घरच्यांच्या जिवाला घोर. म्हणून माझी शाळा सुटली. वडिलांना मी दोष देत नाही. आमच्याकडे मुलगी सायकलवर बसली तरी चार माणसे बोलत. पण आज विचार करते तेव्हा वाटते, माझ्या आणि आठवीच्या वर्गाच्या मध्ये त्या वाटेखेरीज दुसरे काहीच नव्हते.

ही एकट्या माझीच कथा नाही. तामिळनाडूत पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ साली साक्षरतेची चळवळ चालू होती. तिथल्या मंडळींनी अक्षरांबरोबर बायकांना सायकलही शिकवली. शेतमजुरी करणाऱ्या हजारो बायका पाणी, बाजारहाट, मूल अशी सगळी कामे सायकलवरून करू लागल्या. बिहारात २००६ साली सरकारने नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना काढली. पुढे अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा हायस्कुलात जाणाऱ्या मुलींचे प्रमाण जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने वाढलेले दिसले, आणि ज्या गावांना शाळा लांब, तिथे ही वाढ अधिक होती.

आता तुम्ही म्हणाल, "आपण पुण्यात राहतो. शाळा जवळ, दुकान जवळ. आपल्याला सायकल कशाला?" मी म्हणते, जवळ आहे म्हणूनच! किराणा, मंडई, गिरणी, बँक, धाकटीचा क्लास, यांतले एकही ठिकाण माझ्या घरापासून दोन किलोमीटरच्या पुढे नाही. तरी पूर्वी यांतल्या प्रत्येक कामाला स्कूटर निघायची. मी आठवडाभर वहीत टिपून ठेवले. सगळ्या फेऱ्या मिळून वीस किलोमीटर भरले. महिन्याचे ऐंशी. म्हणजे पावणेदोन लिटरच्या आसपास पेट्रोल.

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन वायू हवेत जातो. माझा यावर विश्वास बसेना. लिटरभर पेट्रोलचे वजन किलोलाही पुरे पडत नाही, मग धूर जास्त कसा? माझी धाकटी आठवीत आहे. तिने समजावले की जळताना हवेतला प्राणवायू त्याला येऊन मिळतो, त्यामुळे वजन वाढते. तेव्हा माझा हिशेब महिन्याला चार किलोंचा. हा आकडा फार मोठा नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. एका बाईच्या सायकलने आभाळ निवळणार नाही. पण आपण मंडळात साठजणी आहोत. साठ चोक दोनशे चाळीस किलो, दर महिन्याला! शिवाय गल्लीतला आवाज कमी, दारापुढची गर्दी कमी. आपण पापडाच्या पिठात मीठ-हिंग मोजून घालतो, मग हा हिशेब आपल्याला जड का जावा?

परंतु खरी अडचण धुराची नाही, भीतीची आहे. मला ज्या ज्या मैत्रिणी "नको बाई" म्हणाल्या, त्यांतल्या एकीलाही सायकलची भीती नव्हती. भीती रस्त्याची होती, आणि ती खोटी नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत पायी चालणारे बत्तीस हजारांच्या वर, आणि स्कूटर-मोटारसायकलवरची माणसे शेकडा चव्वेचाळीस. म्हणजे मुलाला सायकलवरून उतरवून स्कूटरवर मागे बसवले की तो सुरक्षित झाला, असे मुळीच नाही. घातक आहे तो वेग. गाडीचा वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागते. ताशी वीसने येणारी गाडी जिथे थांबते, तिथून चाळीसने येणारी कितीतरी पुढे जाते, आणि मधे आपले लेकरू असते.

हॉलंड देशात आज चारांतली एक फेरी, किंबहुना थोडी अधिकच, सायकलवरून होते. आपल्याला वाटते, त्यांचे रस्ते पहिल्यापासूनच तसे असतील. तसे नव्हते. मोटारी वाढल्या तशा तिथल्याही सायकली मागे पडल्या. १९७१ साली त्या लहानशा देशात तीन हजारांवर माणसे रस्त्यावर मेली, आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पुढच्या वर्षी आईबाप उठले. आपल्या चळवळीला त्यांनी नाव दिले, 'मुलांची हत्या थांबवा'. त्यांनी रस्ते अडवले, गल्लीत मुलांचे खेळ मांडले, पुढाऱ्यांच्या दारी गेले. १९७३ साली तेलाची टंचाई आली आणि सरकारने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या. लोकांना मोकळा रस्ता कसा असतो ते डोळ्यांनी दिसले. मग वर्षानुवर्षे खपून सायकलींच्या वेगळ्या वाटा झाल्या, वस्तीतला वेग उतरला. आज मोटारी कितीतरी वाढूनही तिथले वर्षाचे मृत्यू सातशेच्या आसपास आले आहेत. हे आयांनी मागितले म्हणून झाले, हे लक्षात घ्या.

पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. आता सायकलसाठी आखलेल्या पट्ट्यावर गाड्या लावलेल्या असतात, कुठे टपरी असते. तेव्हा मागायचे आपल्यालाही आहे. पण मागण्याआधी रस्त्यावर दिसले पाहिजे. ज्या रस्त्याला सायकली पुष्कळ, तिथे मोटारवालेही जपून हाकतात.

गेल्या जूनपासून आपण पाचजणींनी मुलांची सायकल-दिंडी सुरू केली आहे. सकाळी पावणेसातला देवळापाशी अकरा मुले जमतात. पुढे एक आई, मागे एक आई, मधे मुले एकामागे एक. चौकात पुढची हात करते, मागची घंटा वाजवते. माझी धाकटी या दिंडीतूनच शाळेत जाते. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "हे काय सोंग काढलंस?" आता पावणेसात झाले की त्याच हाक मारतात, "अगं, मुलं खोळंबलीत!"

नव्याने शिकणाऱ्यांसाठी थोडे सांगते. मधला दांडा खाली असलेली लेडीज सायकल घ्यावी. साडीही चालते, मात्र चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी हवी. पदर खोचावा. सीट सुरुवातीला इतकी खाली ठेवावी की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. उभ्या मोटारींना खेटून जाऊ नये, दार केव्हा उघडेल सांगता येत नाही. दर आठवड्याला हवा आणि ब्रेक पाहावेत. मागे तांबडा दिवा असल्याशिवाय तिन्हीसांजेनंतर निघू नये.

मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. एक, शाळेच्या गल्लीत गतिरोधक आणि झेब्रा पट्टे मिळावेत म्हणून आपण सह्यांचा अर्ज करावा. दोन, सायकलच्या पट्ट्यावर गाडी लावायची नाही, हे आधी आपल्या घरच्या पुरुषांना आणि मुलग्यांना सांगावे. तीन, सोमवारपासून रोज सकाळी सहाला शाळेच्या पटांगणावर शिकवणी आहे; दोन सायकली आहेत, धरायला मी आहे. वयाची अट नाही. मी शिकले तेव्हा बेचाळिशी ओलांडली होती.

अर्ज बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. हळदीकुंकू घेऊन जाताना सही करून जा, आणि ज्यांना शिकायचे आहे त्यांनी शेजारच्या वहीत नाव लिहा.