हप्त्यांनीं घ्यावयाचा फोन



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींजण मनांत म्हणतील कीं, खडू-फळ्याशीं हयात घालविलेल्या सेवानिवृत्त शिक्षकाला स्मार्टफोनांतलें काय कळतें? आक्षेप अगदींच गैर नाहीं. परंतु हा विषय निम्मा यंत्राचा असला तरी उरलेला निम्मा व्याजाच्या गणिताचा आहे, आणि व्याजाचीं गणितें मीं तीस-बत्तीस वर्षें मुलांकडून घोटून घेतलेलीं आहेत. शिवाय हल्लीं माझ्या ओट्यावर येणारे जुने विद्यार्थी पूर्वीसारखे पत्र लिहून घेण्यास येत नाहींत, हातांत कर्जाचा कागद घेऊन येतात व विचारतात, "सर, हें जरा वाचून सांगतां कां?" त्या कागदांनींच मला हा विषय शिकविला.

फोन ही चैनीची वस्तु आहे असें म्हणण्याचे दिवस गेले. भाजीवालीला पैसे देण्यापासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत सर्व व्यवहार त्यांतून होतात. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना तर नोव्हेंबर २०२१ पासून हयातीचा दाखलाहि फोनपुढें चेहरा दाखवून देतां येतो. म्हणजे आपण जिवंत आहों याची साक्षहि आतां हेंच यंत्र देतें. तेव्हां फोन घ्यावा कीं न घ्यावा, हा वाद मी घालीत नाहीं. साधारण पंधरा ते तीस हजार रुपयांच्या दरम्यानचा, म्हणजे मधल्या प्रतीचा फोन, पगारांतून किंवा मजुरींतून महिन्याच्या महिन्याला फेडीत घ्यावयाचा असेल तर काय पाहावें, एवढेंच सांगावयाचें आहे.

परदेशांत या व्यवहारास निराळें रूप आहे. इंग्लंडांत फोन आणि त्याची सेवा हीं दोन्ही एकाच करारांत, बहुधा चोवीस महिन्यांसाठीं, विकण्याची चाल फार दिवसांची आहे. करार संपला तरी फोनच्या किंमतीचा हप्ता मासिक बिलांत तसाच चालूं राहावा, आणि फोन केव्हांच फिटला आहे हें बिचाऱ्या ग्राहकाच्या ध्यानांतहि येऊं नये, असे प्रकार तेथें इतके झाले कीं, 'ऑफकॉम' या नियामक संस्थेनें फेब्रुवारी २०२० पासून कराराची मुदत संपत आल्याची सूचना ग्राहकास देणें कंपन्यांवर बंधनकारक केलें. डिसेंबर २०२१ पासून एकाच कंपनीच्या सेवेला जखडलेले फोन विकण्यासहि तेथें मनाई झाली. आपल्यापैकीं ज्यांचीं मुलें तिकडे आहेत त्यांनीं हें त्यांस अवश्य विचारावें.

आपल्याकडे ही पद्धत रुजली नाहीं. २००३ सालीं रिलायन्सनें पांचशें एक रुपया घेऊन फोन हातांत देण्याची व बाकी रक्कम महिन्यांवर वांटून घेण्याची योजना काढली होती. फोन घेण्यास झुंबड उडाली. पुढचीं बिलें मात्र पुष्कळांनीं भरलींच नाहींत. आज आपला करार सेवा देणाऱ्या कंपनीशीं नसून बँकेशीं अथवा कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेशीं असतो. दुकानदार फोन देतो, कर्जदाती संस्था त्याला पैसे देते, आणि आपण देणें लागतों तें त्या संस्थेचें. दुकानाच्या फलकावर ज्याला 'नो-कॉस्ट ईएमआय', म्हणजे बिनव्याजी हप्ता, म्हणतात तो हाच व्यवहार.

बिनव्याजी पैसा जगांत कोण देतो? रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०१३ मध्यें बँकांना स्पष्ट बजावलें होतें कीं, शून्य टक्के व्याज अशी कांहीं वस्तुच अस्तित्वांत नाहीं. व्याज कोठेंतरी दुसऱ्या नांवाखालीं दडविलेलें असतें. तें कोठें दडतें, तें एका उदाहरणानें पाहूं. कागद-पेन्सिल जवळ असल्यास घ्यावी.

समजा, फोनची किंमत २४,००० रुपये आहे. दरमहा २,००० रुपयांचे बारा हप्ते, बारा दुणे चोवीस, व्याज शून्य. आतां दुकानदारास हळूच विचारा कीं, सर्व पैसे रोख मोजले तर काय घ्याल? तो म्हणेल, २२,५००. म्हणजे फोनची खरी किंमत २२,५०० झाली, आणि वरचे दीड हजार हें व्याजच. आपण बारा महिन्यांसाठीं २२,५०० रुपये कर्ज घेतलें व २४,००० फेडले. विद्यार्थी येथें चटकन् म्हणतो, "दीड हजार भागिले साडेबावीस हजार, म्हणजे पावणेसात टक्क्यांहूनहि कमी!" येथेंच गोम आहे. साडेबावीस हजार रुपये वर्षभर आपल्याजवळ राहिलेलेच नाहींत. पहिल्या महिन्यापासून आपण मुद्दल फेडूं लागलों. सरासरीनें पाहिल्यास निम्म्याहून थोडी अधिक रक्कमच वर्षभर वापरावयास मिळाली. त्यामुळें खरा दर शेंकडा बारा पडतो. त्यांत 'प्रोसेसिंग फी' म्हणून १९९ रुपये व त्यावर अठरा टक्के कर, मिळून सुमारें २३५ रुपये घातले कीं दर चौदाच्या घरांत जातो. आणि पहिला हप्ता दुकानांतच रोख ठेवून घेतला, जें पुष्कळ ठिकाणीं घडतें, तर जवळजवळ सतरा.

याहून मोठा चकवा 'फ्लॅट' दराचा. २४,००० रुपयांवर शेंकडा बारा फ्लॅट म्हणजे २,८८० रुपये व्याज आणि २,२४० रुपयांचा हप्ता. अकराव्या महिन्यांत आपलें देणें चार-साडेचार हजारांवर आलेलें असतें, तरी व्याजाची आकारणी चोवीस हजारांवरच चाललेली असते. घटत्या शिलकेवर हिशेब मांडला तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास येतो. सावकाराला आपण नांवें ठेवलीं. पण त्याच्या वहींत निदान दर तरी उघड लिहिलेला असे.

याला आज एक उपाय उपलब्ध आहे, आणि तो फारच थोड्यांना ठाऊक आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या आदेशान्वयें, १ ऑक्टोबर २०२४ पासून, किरकोळ कर्ज देणाऱ्या प्रत्येक बँकेनें व वित्तसंस्थेनें करारापूर्वीं कर्जदारास 'मुख्य तथ्य विवरण' द्यावयाचें असतें. इंग्रजी अद्याक्षरांनीं त्यास 'केएफएस' म्हणतात. सर्व फी व खर्च धरून पडणारा वार्षिक दर त्यांत एका आंकड्यानें सांगावा लागतो, आणि तें कर्जदारास समजेल अशा भाषेंत लिहिलेलें असावें लागतें. त्यांत न दाखविलेली फी पुढें आपल्या स्पष्ट संमतीवांचून घेतां येत नाहीं. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीस हा नियम लागू नाहीं, हें मात्र ध्यानांत असावें. काउंटरवरील तरुण घाईंत असतो. त्यास शांतपणें म्हणावें, "बाळ, केएफएस दाखव, आणि मराठींत दाखव." मीं हें चार-पांच वेळां केलें आहे. कागद प्रत्येक वेळीं निघाला. चेहरा मात्र प्रत्येक वेळीं प्रसन्न राहिला नाहीं.

माझा एक जुना विद्यार्थी घरोघर पार्सलें पोंचविण्याचें काम करितो. जुना फोन बंद पडला, आणि फोन नाहीं म्हणजे त्या दिवसाची मजुरी नाहीं. अशा अडलेल्या स्थितींत तो एका दुकानांत गेला. तेथें त्याला १०८ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा २६ हजारांचा फोन दाखविण्यांत आला. कॅमेरा उत्तम होता, यांत शंका नाहीं. परंतु दुपारच्या उन्हांत त्याच्या पडद्यावरचा नकाशा दिसेना, आणि बॅटरी चारच्या सुमारास मान टाकूं लागली. कागद घेऊन तो माझ्याकडे आला तेव्हां मीं पाहिलें, तर हप्त्यांत विमा आणि कसल्याशा सभासदत्वाचे पैसेहि मिसळलेले होते. हीं दोन्ही मागितलीं होतीं कीं काय, हें त्याचें त्यालाच आठवत नव्हतें. पुढें एका महिन्यांत वडिलांच्या औषधांपायीं खात्यांत शिल्लक उरली नाहीं. हप्ता परत गेला. कर्ज देणाऱ्या संस्थेनें दंड लावला आणि बँकेनें आपला निराळा; एका चुकलेल्या हप्त्याची भरपाई करण्यासाठीं त्याची दोन दिवसांची कमाई गेली. तो रडला नाहीं, पण बराच वेळ कागदाकडे पाहत बसला. आम्ही मिळून लेखी तक्रार केली, तेव्हां सभासदत्वाचे पैसे परत मिळाले. विम्याचे मिळाले नाहींत.

म्हणून कर्जाआधीं फोनचा विचार करावा, आणि फोनच्याहि आधीं आपल्या दिवसाचा. उन्हांत काम करणाऱ्यानें पडद्याची प्रखरता पाहावी. ती 'निट्स' या मापानें सांगतात. पण मापापेक्षां सोपें म्हणजे फोन घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हांत उभें राहावें. दुकानांतल्या दिव्यांत सगळेच पडदे सुंदर दिसतात. दिवसभर बाहेर असणाऱ्यास पांच हजार मिलीअँपिअर-तासांहून कमी बॅटरी पुरणार नाहीं. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल हा तर निव्वळ आंकड्यांचा बाजार आहे. मागच्या बाजूला तीन-चार भिंगें बसविलेलीं असतात, त्यांतलीं दोन मेगापिक्सेलवालीं एक-दोन केवळ संख्या भरण्याकरितां असतात, असें माझें मत आहे. रॅम आठ जीबी असावी. "आठ अधिक आठ, सोळा" असें कोणी सांगूं लागला तर दुसरे आठ मोजूं नयेत. ती खरी रॅम नव्हे, फोनच्या साठवणींतून उसनी घेतलेली व पुष्कळ मंद अशी जागा आहे. साठवण १२८ जीबीहून कमी घेऊं नये. कुटुंबांतील सुप्रभातीचे संदेशच ती भरून टाकण्यास समर्थ असतात.

खेड्यांत राहणाऱ्यांसाठीं एक सूचना. ५-जी सेवा आपल्या देशांत १ ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली. पण ५-जी म्हणजे एकच लहर नव्हे. २०२२ च्या लिलावांत ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा एकट्या जिओनें घेतला. त्याचें तांत्रिक नांव एन-२८. अशा खालच्या पट्ट्याची लहर दूरवर जाते व भिंतींतून अधिक चांगली शिरते. जिओची सेवा वापरणाऱ्यानें फोनला हा पट्टा चालतो कीं नाहीं, हें खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकांत पाहून घ्यावें.

आतां सर्वांत महत्वाची, आणि दुकानांत क्वचितच कोणी विचारतो ती गोष्ट: या फोनला सुरक्षा-सुधारणा किती वर्षें मिळणार? बँकेचे व्यवहार ज्या यंत्रांतून करावयाचे तें यंत्र कंपनीनें वाऱ्यावर सोडलेलें असून चालत नाहीं. सॅमसंगनें मार्च २०२५ मध्यें काढलेल्या ए-२६, ए-३६ व ए-५६ या मधल्या प्रतीच्या फोनांना सहा वर्षें सुधारणा देण्याचें जाहीर केलें. गूगलनें ऑक्टोबर २०२३ मध्यें पिक्सेल-८ पासून सात वर्षांचें वचन दिलें. उलट दोन-तीन वर्षांतच हात झटकणारे फोनहि त्याच फळीवर, त्याच किंमतीला ठेवलेले आढळतात. युरोपांत तर २० जून २०२५ पासून कायदाच झाला आहे कीं, एखाद्या फोनची विक्री थांबल्यावरहि पांच वर्षें त्यास सुधारणा पुरवाव्या, आणि आठशें वेळां भारल्यावरहि बॅटरीची निदान ऐंशीं टक्के शक्ति शिल्लक असावी. आपल्याकडे असा कायदा नाहीं; तेव्हां वर्षें मोजण्याचें काम आपणच केलें पाहिजे. तीन वर्षें सुधारणा मिळणाऱ्या फोनचे दोन वर्षें हप्ते भरणें म्हणजे भाड्याच्या बैलानें शेत नांगरणें होय. हप्त्यांची मुदत फोनच्या भरंवशाच्या आयुष्याच्या एकतृतीयांशाहून अधिक असूं नये, असा माझा ठोकताळा आहे. मागील वर्षीं निघालेला चांगला फोन यंदा उतरत्या किंमतीनें घेणें मला पसंत आहे. मात्र त्याचीं सुधारणेचीं वर्षें तो प्रथम बाजारांत आला तेव्हांपासून मोजावीं, आपण घेतला तेव्हांपासून नव्हे.

आणि घाई नसेल तर? हप्त्याचे दोन हजार स्वतःच्याच आवर्ती ठेवींत वर्षभर टाकावे. दुकानदाराची रोख सूट आपली होते, शिवाय थोडें व्याजहि पदरांत पडतें. पण हा उपदेश ज्याची मजुरीच फोनवर अवलंबून आहे त्याला करण्यांत अर्थ नाहीं. त्यानें हप्त्यानें घ्यावा, मात्र लहान मुदतीचा घ्यावा, आणि हप्ता वळता होण्याची तारीख पगाराच्या किंवा बिदागीच्या नंतर चार दिवसांनीं लावून घ्यावी. ही तारीख काउंटरवर बहुधा बदलून मिळते, मागावी मात्र लागते. हप्ता चुकल्यास फोन दुरून बंद करण्याची अट करारांत आहे काय, हेंहि त्याच वेळीं विचारावें. ॲपवरून कर्ज घेतलें असेल तर तें दंडावांचून परत करण्यासाठीं निदान एक दिवसाची सवलत रिझर्व्ह बँकेच्या नियमांनीं ठेविलेली आहे. रात्रीं घरीं कागद वाचून सकाळीं मन बदलण्यास तेवढी पुरते.

फोन हातांत घेतल्यावर दुकानांतच *#०६# हीं चिन्हें दाबावीं. पडद्यावर पंधरा आंकडी क्रमांक येतो. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशीं ताडून पाहावा व घरीं वहींत लिहून ठेवावा. फोन हरवला तर सरकारच्या 'संचार साथी' या सेवेंतून तो याच क्रमांकावरून बंद करवितां येतो. हप्ते मात्र हरवलेल्या फोनचेहि भरावेच लागतात.

शेवटचा हप्ता गेल्यावर कर्जदात्या संस्थेकडून 'येणें बाकी नाहीं' असा दाखला लेखी घ्यावा, आणि खात्यांतून पैसे आपोआप वळते करण्याचा जो अधिकार आपण दिलेला असतो तो बँकेंत जाऊन रद्द करवावा. प्रत्येक पतमापन संस्थेकडून वर्षांतून एकदां आपल्या पतीचा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. दाखला मिळाल्यानंतर दोन-तीन महिन्यांनीं तो मागवून, फोनचें कर्ज तेथें फिटलेलें दाखविलें आहे कीं नाहीं, हें पाहून घ्यावें. माझ्या त्या विद्यार्थ्याचा अहवाल आम्ही गेल्या महिन्यांत मागविला. त्यांत कर्ज फिटलेलें आहे. चुकलेला तो एक हप्ताहि आहे.