मोटारीतील टेप : जोडणीतील दोष आणि त्यांचा शोध

(बऱ्हाणपूर येथील मराठी भाषिक ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रचार अधिकारी बोलावयास उभा राहिला की तो एखाद्या योजनेची माहिती देणार, असे श्रोत्यांनी गृहीत धरलेले असते. आज मी आपल्या मोटारीत बाजारातून आणून बसविलेल्या टेपविषयी बोलणार आहे. खरे पाहता त्यात आता फीत उरलेली नाही. पेनड्राइव्ह, ब्लूटूथ आणि रंगीत पडदा त्यात आलेला आहे. तथापि खानदेशात काय किंवा निमाडात काय, लोक त्यास अद्यापि टेपच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो.

रावेर ते बऱ्हाणपूर या पट्ट्यात केळीची वाहतूक करणारी असंख्य वाहने रात्रंदिवस धावत असतात. त्यांपैकी फार थोड्या वाहनांत कारखान्याने बसविलेला टेप असतो. बाकीच्यांत तो मागाहून बसविला जातो, आणि तो बिघडला की मालक दुकानदारावर चिडतो व दुकानदार कंपनीला दोष देतो. माझा अनुभव असा की संच क्वचितच बिघडलेला असतो. बिघडलेली असते ती जोडणी. हे मला कसे कळले, ते प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रचारगाडीत नवा टेप बसविण्यात आला. तो चावी न लावताही वाजत असे, आणि ही मोठी सोयच झाली असे आम्हा सर्वांना वाटले. सातपुड्याच्या पायथ्याशी एका वस्तीवर रात्री कार्यक्रम झाला. आवाज शून्यावर आणून आम्ही झोपलो. पहाटे वस्तीवरील एका बाईस प्रसूतीसाठी तालुक्याच्या गावी न्यावयाचे होते आणि वस्तीवर दुसरे वाहन नव्हते. चावी फिरविली, तर सेल्फने नुसता टकटक असा आवाज केला. शेवटी शेतावरून एक ट्रॅक्टर आणवून त्याच्या बॅटरीचा आधार घेतला, तेव्हा गाडी सुरू झाली. यात पाऊण तास गेला. बाई सुखरूप बाळंत झाली, परंतु तो पाऊण तास मी विसरू शकलेलो नाही. परत आल्यावर एका वृद्ध वायरमनने टेप बाहेर ओढला आणि न बोलता मला दोन वायरी दाखविल्या. लाल आणि पिवळी वायर एकमेकींत पिळून एकत्र बांधलेली होती.

त्याचा अर्थ असा. बाजारातील बहुतेक संचांना विजेच्या दोन वायरी असतात. पिवळीला बॅटरीची वीज अखंड मिळावयास हवी, कारण तिच्यावर घड्याळ आणि आपण लावून ठेवलेली रेडिओ केंद्रे टिकून राहतात. तिला लागणारा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये मोजण्याइतका अल्प असतो. लाल वायरीला मात्र चावी फिरविल्यानंतरच वीज मिळावयाची. तीच संचाला जागे करते. दोन्ही एकत्र बांधल्या की संच कधीच झोपत नाही. आवाज शून्य केला म्हणजे तो बंद झाला असे नव्हे. ध्वनिवर्धकासह तो दोन अँपिअर घेत असेल, तर दहा तासांत वीस अँपिअर-तास खर्च होतात. लहान मोटारीची बॅटरी पस्तीस ते पंचेचाळीस अँपिअर-तासांची असते, आणि ती जुनी असेल तर तितकीही भरत नाही. मग सेल्फला काय उरणार?

याच्या उलट प्रकारही पुष्कळदा आढळतो. चावी काढली की घड्याळ बाराला जाते आणि केंद्रे पुसली जातात. येथे लाल व पिवळी यांची अदलाबदल झालेली असते. काही मोटारींच्या कपलरमध्ये या दोन जागा मुळातच उलट असतात, म्हणून पुष्कळ संचांच्या वायरींवर त्यांची अदलाबदल करता येईल असे सांधे दिलेले असतात. पाच मिनिटांचे काम असते, पण त्यासाठी नवे संच विकत घेतलेले लोक मी पाहिले आहेत.

आता शोध कसा घ्यावा, हे समजावून देण्यासाठी बऱ्हाणपूरकरांना मी परका दाखला देणार नाही. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात बांधला गेलेला आपला कुंडी भंडारा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, ओळीने खोदलेल्या शंभराहून अधिक कुंड्यांमधून, केवळ उताराच्या बळावर जाळी करंजापर्यंत येई. करंजात पाणी आले नाही तर शहाणा माणूस करंज फोडीत बसणार नाही. तो एकेका कुंडीत डोकावून पाणी कोठपर्यंत आले आहे ते पाहील. मीटर घेऊन आपणही तेच करावे. बॅटरीवर वीज आहे काय? फ्यूजच्या अलीकडे आहे, मग पलीकडे आहे काय? संचाच्या मागील कपलरमध्ये पिवळ्या वायरीवर चावी बंद असताना सुमारे साडेबारा व्होल्ट दिसावेत आणि लाल वायरीवर शून्य. चावी लावल्यावर दोहोंवर सारखे दिसावेत, आणि इंजिन सुरू झाल्यावर चौदाच्या आसपास. ज्या ठिकाणी आकडा नाहीसा होतो, त्याच्या जरा अलीकडेच दोष असतो.

मात्र हा दाखला एका जागी अपुरा पडतो. पाण्याला परतीची वाट लागत नाही, विजेला लागते. काळी वायर ही ती परतीची वाट होय, आणि सर्वांत अधिक दुर्लक्ष तिच्याकडेच होते. डॅशबोर्डामागील एखाद्या रंगविलेल्या स्क्रूखाली ती अडकवून दिली जाते. रंग वीज वाहू देत नाही, गंजही देत नाही. असा संच हळू आवाजात ठीक वाजतो आणि आवाज चढविला की बंद पडून पुन्हा सुरू होतो. संच मोठ्याने वाजत असताना मीटरची एक टोचणी काळ्या वायरीवर व दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवावी. अर्ध्या व्होल्टाहून अधिक आकडा दिसला तर अर्थ कच्चा आहे. पत्रा घासून चकचकीत करावा, वायरीला थिंबल लावावे आणि मगच स्क्रू आवळावा.

काळ्या वायरीच्या कच्चेपणाचे दुसरे रूप म्हणजे घूं घूं असा आवाज. अॅक्सिलरेटर दाबला की तो चढतो, सोडला की उतरतो. तो अल्टरनेटरचा आवाज होय. आपले मेकॅनिक त्यास डायनामोच म्हणतात. संच एकीकडे आणि वेगळा ध्वनिवर्धक दुसरीकडे अर्थ केलेला असला, किंवा ध्वनीची बारीक केबल विजेच्या जाड वायरीला चिकटून नेलेली असली, म्हणजे तो शिरतो. ही व्याधी आजची नाही. शिकागोच्या गॅल्विन कंपनीने १९३० साली मोटारीतील रेडिओ मोटोरोला या नावाने बाजारात आणला, तेव्हा इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर थोपविणे हीच त्या काळच्या रेडिओ बसविणाऱ्यांची मोठी डोकेदुखी होती. आता तिच्यात एका नव्या कारणाची भर पडली आहे. जळगाव किंवा खंडवा आकाशवाणी लावताना खरखर येऊ लागली, तर प्रथम मोबाईलचा स्वस्त चार्जर काढून पाहावा. तेवढ्यानेही न भागल्यास एरियलची पिन पुरती बसली आहे काय, हे पाहावे. एरियलमध्ये छोटा वर्धक असेल, तर संचाची निळी वायर त्यास जोडलेली असावयास हवी. डोंगर आड आल्यामुळे एफ.एम. क्षीण झाला असेल, तर त्यास मात्र वायरमनकडे उपाय नाही.

जुनी जीप किंवा अॅम्बॅसिडर जपून ठेवणाऱ्यांना एक सूचना. जुन्या काळी कित्येक वाहनांत स्पीकरची एक वायर सरळ बॉडीला जोडीत. आजच्या संचात स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी अशा चार जोड्या असतात आणि प्रत्येकीत काळ्या रेघेची वायर ऋण असते. तिला बॉडीचा स्पर्श झाला तर संच मुका होतो, आणि नशीब वाईट असेल तर जळतोही. जुन्या वायरींवर नवा संच जोडू नये. स्पीकरपर्यंत नव्या जोड्या ओढाव्यात. एका स्पीकरच्या वायरी उलट लागल्या तर काही जळत नाही, पण ढोलक्याचा ठोका हरवतो व आवाज पोकळ वाटू लागतो. संचापासून सोडवून घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल स्पीकरला क्षणभर लावावा. धन टोक बरोबर असेल तर पडदा बाहेर उचलला जातो. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करावा.

आता ज्यासाठी मी मुख्यतः उभा राहिलो, त्या विषयाकडे येतो. फ्यूज वारंवार उडू लागला म्हणून त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदीचा कागद किंवा तांब्याची तार घालणारे लोक आपल्यात आहेत. फ्यूज संचाच्या रक्षणासाठी असतो असा त्यांचा समज असतो. तो वायरीच्या रक्षणासाठी असतो. दहा किंवा पंधरा अँपिअरचा फ्यूज उडतो, कारण कोठे तरी पत्र्याच्या धारेवर वायर सोलली गेली आहे. तो उडू दिला नाही, तर बॅटरी त्या बारीक वायरीतून शेकडो अँपिअर ओतू शकते. वायर लाल होते, तिचे आवरण पेटते, आणि तिच्या शेजारी डॅशबोर्डाचे प्लॅस्टिक व गालिचा असतो. बॅटरीवरून थेट वायर घेतली, तर तिच्यावरील फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत असलाच पाहिजे. संचाजवळचा फ्यूज मधल्या लांबीचे रक्षण करीत नाही. पत्र्यातून वायर नेताना रबरी बुश घालावा. नुसती पिळून काळी चिकटपट्टी गुंडाळलेली जोड उन्हाळ्यात सैल होते, आणि आपल्याकडील उन्हाळा मी आपणास वर्णून सांगावयास नको.

केळीचे मोठे ट्रक चोवीस व्होल्टचे असतात व बहुतेक टेप बारा व्होल्टचे. काही चालक दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच बारा व्होल्ट काढतात. संच वाजतो, पण ती बॅटरी अधिक रिकामी होत जाते, दुसरी प्रमाणाबाहेर भारली जाते, आणि दोघीही अकाली जातात. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर दोन बॅटऱ्यांपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो.

नव्या मोटारीस मात्र घरी हात लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. तिच्या वायरी बहुधा पिवळ्या आवरणात वा पिवळ्या कपलरमध्ये असतात. टेपच्या पिवळ्या वायरीशी त्यांचा काही संबंध नाही, आणि तेथे टेस्ट लॅम्प टोचणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय. जुन्या वाहनातही काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवावे व जोडताना ते शेवटी जोडावे. हँडब्रेकला जोडावयाची वायर बॉडीला लावून धावत्या गाडीत चित्रपट पाहण्याची युक्ती काही दुकानदार आपण होऊन सुचवितात. त्यांना नकार द्यावा.

आमची प्रचारगाडी बाहेर प्रांगणात उभी आहे. तिचा टेप मी बाहेर काढून ठेवला आहे आणि मीटरही आणला आहे. ज्यांच्या वाहनात अशी काही तक्रार असेल त्यांनी वाहन जवळ आणावे. उजेड आहे तोवर दोन-तीन तरी पाहून होतील.