सर येते, चित्र जाते

जुलैतली संध्याकाळ. येऊरच्या डोंगरावरून जोराची सर ठाण्यावर उतरते आणि मालिका ऐन रंगात आलेली असताना पडद्यावर चौकोन उमटतात. मग ‘नो सिग्नल’. दहा मिनिटांनी बाहेर रिपरिप चालूच असते, पण चित्र परतलेले असते. दिवसभरात एकूण पाऊस किती झाला, याला इथे महत्त्व नाही. त्या घटकेला तो किती जोराने कोसळतो, यावर सारे ठरते.

घरच्या डिशवर उपग्रहाचा संदेश केयू बँडमधून, सुमारे १२ गिगाहर्ट्झवर येतो. ही लहर अडीच सेंटिमीटरची. मोठ्या सरीतले टपोरे थेंब तिची ऊर्जा शोषतात, विखुरतात. ताशी ५० मिलिमीटर वेगाच्या पावसात दर किलोमीटरला सुमारे अडीच डेसिबलची घट होते. केबलवाल्यांच्या मोठ्या छत्र्या ४ गिगाहर्ट्झच्या सी बँडवर चालतात. तिथे ही घट नगण्य. (रेडिओच्या मीडियम वेव्हच्या लहरी तर शेकडो मीटर लांब.)

उष्ण कटिबंधात पावसाळ्यात पाणी गोठण्याची पातळी सुमारे पाच किलोमीटर उंच असते. तिच्याखाली थेंबांचेच राज्य. त्यातल्या त्यात ठाण्याचे नशीब बरे. इन्सॅट-४ए हा २००५ साली सोडलेला उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर होता. त्या जागेकडे इथली डिश जवळपास ६५ अंश वर बघते, म्हणून पावसातली वाट आखूड पडते.

उपाय काय? साठ सेंटिमीटरऐवजी नव्वदची डिश लावली तर सव्वादोन पट संदेश गोळा होतो. पण डोंबिवलीच्या गच्च्यांवर त्याआधी सैल झालेले नटबोल्ट बघावेत. डिजिटल चित्र कोरड्या हवेत किंचित वाकड्या डिशवरही झकास दिसते आणि पहिल्याच सरीला दगा देते. तेव्हा डिशवाल्याला मे महिन्यातच बोलवावे आणि ‘सिग्नल क्वालिटी’चा आकडा बघून डिश नीट बसवून घ्यावी.

व्हीसॅटवर, म्हणजे छोट्या दुतर्फी उपग्रह-डिशवर, चालणाऱ्या एटीएमला आणखी एक सोय असते. पावसात वेग कमी करून जास्त दणकट कोडिंग वापरता येते. टीव्हीला ते जमत नाही, कारण एकच प्रक्षेपण कोरड्या नागपूरलाही जात असते. मोठी भूकेंद्रे दोन ठिकाणी उभारतात, कारण ठाण्यावर कोसळणारी सर त्याच क्षणी वीसेक किलोमीटरवरच्या कल्याणला असेलच असे नाही.

इंटरनेटसाठी आता केए बँड वापरात आला आहे. तिथे पावसाचा मार केयूच्या दुपटीहून अधिक. त्याचाच अभ्यास करण्यासाठी इस्रोने जानेवारी २०१४ मध्ये सोडलेल्या जीसॅट-१४ वर २०.२ आणि ३०.५ गिगाहर्ट्झचे दोन बीकन (सतत खूण-संदेश पाठवणारी यंत्रे) बसवले होते.