जास्वंदीवर पांढरे दिसले की



शिमगा तोंडावर आला आहे, ऊन चढू लागले आहे. नेमक्या याच दिवसांत कुंपणाकडेच्या जास्वंदीवर कापसासारखा पांढरा थर धरू लागतो. शेंड्याची पाने चुरगळतात, कळ्या उमलण्याआधीच गळून पडतात. पुष्कळ जण याला बुरशी समजून बुरशीनाशक मारतात आणि काहीच गुण येत नाही. कारण तो असतो पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. त्याच्या अंगावर मेणाची पूड असते, तिच्यावरून फवाऱ्याचे पाणी नुसते ओघळून जाते.

जरा खाली खोडाकडे बघा. मुंग्यांची रांग वर चढताना दिसेल. ढेकूण झाडाचा रस शोषतो आणि चिकट, गोड पाणी सोडतो. मुंग्या त्यासाठी येतात आणि त्याच्या शत्रूंना हुसकून लावतात. पानांवर काळी काजळी धरते तीही याच गोड पाण्यावर. तेव्हा पहिले काम मुंग्या अडवण्याचे. खोडाला प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा; थेट सालीला लावू नका. भिंतीला किंवा तारेला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर मुंग्या त्या वाटेने येतील.

आता हे नीट ऐका. त्या पांढऱ्या थरात ढेकणापेक्षा मोठी, अंगभर पांढऱ्या झिपऱ्या असलेली एखादी अळी चालताना दिसली, तर तिला मारू नका. ती क्रिप्टोलिमस या भुंगेऱ्याची अळी. हा भुंगेरा 1898 साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला आणि त्याचे मुख्य खाणे पिठ्या ढेकूणच. दिसायला दोघे सारखेच, पण ढेकूण जागेला चिकटून बसतो आणि ही अळी शिकारीमागे फिरते. ती दिसली की रासायनिक औषधाची बाटली बाजूला ठेवा. घाईच्या फवारणीने आपलाच राखणदार मरतो आणि कीड दुप्पट जोराने येते, हे मी बागांमधून वारंवार पाहिले आहे.

अळी नसेल, तर फार किडलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. कुंपणाबाहेर फेकू नका. उरलेल्या झाडावर लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा पातळ साबण घालून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारा. आठवड्याने पुन्हा. युरिया मात्र या दिवसांत देऊ नका. लुसलुशीत पालवी फुटली की किडीचे फावते.

मोठ्या झाडांचे दुखणे वेगळे. मुंबईतले कितीतरी वर्षावृक्ष याच किडीच्या विळख्यात वाळले. पण बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलेले, मुळांना ना पाणी ना हवा, अशा झाडात किडीला तोंड देण्याची ताकद राहणार कुठून? राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. आपल्या गल्लीतही ते करता येईल. पावसाळ्याला अजून अवधी आहे. पालिकेच्या उद्यान विभागाकडे आजच अर्ज करा आणि पहिल्या सरीच्या आत आपल्या दारातल्या झाडांची माती मोकळी करून घ्या.