जॉन प्राइनची पहिली तबकडी



अमेरिकेतील लोकगीतांच्या आणि ‘कंट्री’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण संगीताच्या संस्कारांत वाढून, स्वतःच गीते रचणाऱ्या व स्वतःच गाणाऱ्या ज्या पिढीने 1970 च्या सुमारास श्रोत्यांचे चित्त वेधून घेतले, तिचा ओढा बव्हंशी आत्मनिवेदनाकडे होता. 1971 या एकाच वर्षी जोनी मिचेल हिची ‘ब्लू’ आणि कॅरोल किंग हिची ‘टॅपेस्ट्री’ या तबकड्या निघाल्या. दोन्ही थोर, आणि दोहोंच्या केंद्रस्थानी गाणारणीचे स्वतःचे अंतःकरण. त्याच वर्षी निघालेल्या ‘जॉन प्राइन’ या तबकडीवर शीर्षक म्हणून गायकाचे नुसते नाव आहे. आत मात्र त्याची स्वतःची कैफियत फार थोडी. तेरा गीतांपैकी जी उत्तम आहेत, त्यांत जगतात आणि बोलतात ती दुसरीच माणसे. या तबकडीविषयी मला जो आदर वाटतो, तो या परकायाप्रवेशामुळे.

प्राइन 1946 साली शिकागोलगतच्या मेवुड येथे जन्मला; घराणे मूळचे केंटकी मुलखातील मुहलेनबर्ग जिल्ह्याचे. सक्तीच्या लष्करभरतीत त्याचे नाव निघाले. परंतु व्हिएतनामऐवजी पश्चिम जर्मनीत, यंत्रदुरुस्तीच्या कामावर त्याची नेमणूक झाली. टपालखात्याच्या चाकरीत पत्रांचा बटवडा करीत हिंडताना तो मनातल्या मनात गीते जुळवीत असे. 1970 साली चित्रपटसमीक्षक रॉजर ईबर्ट याने शिकागोच्या वृत्तपत्रातून त्याची वाखाणणी केली, पुढे गायक-गीतकार क्रिस क्रिस्टॉफरसनने त्याचे गाणे ऐकले, आणि लवकरच अटलांटिक कंपनीशी करारमदार झाला.

‘एंजल फ्रॉम माँटगोमरी’ हे गीत घ्या. विशीतला एक तरुण पहिल्याच ओळीत स्वतःला वृद्ध स्त्री म्हणवून घेतो आणि ऐकणाऱ्याला त्यात यत्किंचितही विसंगती वाटत नाही. याचे कारण असे की, त्या स्त्रीच्या दुःखाची चिकित्सा करण्याच्या भरीस तो पडत नाही. तिचे स्वयंपाकघर, दोघांमधला संवाद आटून गेलेला तिचा संसार, पूर्वायुष्यातील एका पुरुषाची पुसट आठवण, एवढेच तो मांडतो. सहानुभूतीचे प्रदर्शन नाही, की उपदेश नाही. ‘हॅलो इन देअर’मधील वृद्ध दांपत्याची मुले दूर पांगली आहेत आणि एक मुलगा कोरियाच्या युद्धात गेला आहे. प्राइन पोरवयात एका वृद्धाश्रमात वर्तमानपत्रे टाकीत असे. तेथे दिसलेल्या एकलेपणाची दखल या गीताने घेतली.

‘सॅम स्टोन’ याहून कठोर आहे. युद्धातून जखमा, पदक आणि अफूजन्य औषधाचे व्यसन घेऊन परतलेल्या शिपायाची ही कथा. सरकारदरबारी ज्याच्या शौर्याची नोंद झाली, त्याच्या घरच्या ऱ्हासाची नोंद कोणत्याच दफ्तरात नाही; ती ठेवते ते त्याचे मूल, कारण धृपदाशी येताच दृष्टी बदलते आणि बाप आपल्याला त्या मुलाच्या डोळ्यांनी दिसू लागतो. युद्धाचा निषेध करणारी त्या काळातील कितीतरी गीते घोषणेच्या पलीकडे गेली नाहीत. हे गेले, ते या एका दृष्टिपालटामुळे.

ध्वनिमुद्रण बहुतांशी मेंफिस येथे, आरिफ मार्दिन याच्या देखरेखीखाली झाले. तेथील वादक निष्णात खरे. परंतु काही ठिकाणी त्यांचा साज शब्दांना जड होतो, असे माझे मत आहे. न्यूयॉर्क येथे मुद्रित झालेले ‘पॅरडाइज’ तेवढे या भारातून सुटले. त्यात प्राइनचा भाऊ डेव्ह याने फिडल वाजविले आहे. ग्रीन नदीकाठचे पॅरडाइज हे मुहलेनबर्गमधील खरोखरीचे गाव. कोळशासाठी त्या परिसराची भूमी वरून खरवडली गेली, शेजारी प्रचंड औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले, आणि 1967 च्या सुमारास गाव नकाशावरून पुसले गेले. मूल बापाला तेथे घेऊन चलण्याविषयी विनविते आणि बाप नकार देतो: गीताची रचना एवढीच. ते त्याने वडिलांसाठी रचले, आणि तबकडी निघाली त्याच वर्षी वडील वारले.

ही गीते एकट्या प्राइनच्या मालकीची राहिली नाहीत, हेही त्याच परकायाप्रवेशाचे फळ. बॉनी रेट हिने 1974 साली ‘एंजल फ्रॉम माँटगोमरी’ गायिले आणि पुष्कळांच्या लेखी ते तिचेच झाले. तिचा स्वर अधिक समृद्ध आहे, यात वाद नाही. तरीही मी वारंवार मूळ मुद्रणाकडेच वळतो. कारण रेटच्या गाण्यात त्या स्त्रीला सुटकेचा मार्ग सापडेल अशी आशा वाटत राहते, आणि प्राइनच्या कोरड्या, बोलल्यासारख्या स्वरात ती आशा तिने स्वतःच केव्हाच सोडून दिलेली असते.