त्याला गाव असते



आमच्या तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडच्या भिंतीशी एक माणूस दोन पावसाळे बसून होता. केसांच्या जटा झालेल्या, अंगावर पोत्याचा तुकडा. त्याला कोणी उपाशी ठेवले नाही, एवढे गावाच्या बाजूने सांगितले पाहिजे. हॉटेलवाला भजी-पाव देई, बाजाराच्या दिवशी बाया भाकरी देत, मीही कॉलेजला जाता-येता पाच-दहा रुपये त्याच्यापुढे ठेवी. तिसऱ्या पावसाळ्यात तो दिसेना. हॉटेलवाल्याला विचारले, तर तो म्हणाला, “गेला असंल कुठंतरी, सर. येड्याला का गाव असतंय?”

मला उत्तर सुचले नाही. कारण दोन वर्षांत मीही त्याला त्याचे गाव विचारले नव्हते.

गाव असते, श्रोतेहो. मुंबईचे डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी १९८८ साली ‘श्रद्धा’ ही संस्था काढली, ती अशाच माणसांसाठी. रस्त्यावरून उचलून आणायचे, न्हाऊ-माखू घालायचे, औषधोपचार करायचे, आणि बोलू लागला की त्याच्या घरी नेऊन पोचवायचे. त्यांना एकदा जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले एक अध्यापक रस्त्यावर सापडले. म्हणजे माझ्याच पेशातला माणूस! ते सुधारले, तेव्हा चित्रकारांनी आपापली चित्रे देऊन प्रदर्शन भरविले आणि त्या पैशांतून दहिसरला रुग्णांसाठी जागा झाली. पुढे कर्जतला मोठे केंद्र उभे राहिले. २०१८ साली डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता कोणी विचारील, सरकारी इस्पितळे आहेत ना? आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, आणि त्यांचा उपयोगही आहे. पण खर्चाची खरी गोम औषधाच्या गोळीत नाही. नेहमीच्या गोळ्या फार महाग नसतात. खर्च आहे तो माणसांचा. रुग्णाची भाषा जाणणारा कोणी हवा, अर्धवट आठवणाऱ्या नावावरून तालुका शोधायला हवा, दोन-दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून त्याला दारापर्यंत न्यायला हवे, घरच्यांना समजवायला हवे की बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळ्या बंद करू नका. हे सारे बहुधा देणगीवर चालते.

आणि देणगी तर याच कामाला कमी मिळते. देवळाच्या सभामंडपाला दिले तर फरशीवर नाव कोरतात; शाळेला खोली बांधून दिली तर दारावर पाटी लागते. मी यात कोणाला नावे ठेवीत नाही, माझ्या वडिलांचीही एक पाटी आहे. पण इथे बरा झालेला माणूस व्यासपीठावर येऊन आभार मानीत नाही. तो आपले दुखणे लपवितो, कारण बहिणीचे लग्न व्हायचे असते, नोकरी टिकवायची असते. तो दिसत नाही, म्हणून आपल्याला वाटते की कोणी बरे होतच नाही.

ज्यांच्या घरात हे दुखणे आले, त्यांनीच पुष्कळदा पुढाकार घेतला आहे. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते. पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला. पुण्यात या आजारासाठी स्वमदत गट आणि संस्था उभी राहिली ती त्यांच्या खटपटीने. २००४ सालच्या ‘देवराई’ चित्रपटामागेही तेच होते. तो शाळेत दाखविण्यासारखा आहे, हे शिक्षकबंधूंना सुचवितो.

पैसे देणे जमत नसेल, तरी दोन गोष्टी कोणालाही जमतील. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे असा भटका रुग्ण आढळल्यास त्याला संरक्षण देऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यकेंद्राकडे नेणे हे पोलीस ठाण्याच्या अंमलदाराचे कर्तव्य आहे. ते आपण जाऊन नम्रपणे सांगावे. आणि घरातल्या माणसासाठी सल्ला हवा असेल, तर १४४१६ या क्रमांकावर फुकट मिळतो.

आमच्या स्टँडवर सध्या एक बाई येऊन बसते. परवा हॉटेलवाल्यानेच तिला विचारले, “मावशी, गाव कंचं तुमचं?” ती जे बोलली ते आम्हा दोघांनाही कळले नाही, भाषा बंगालीसारखी वाटली. ठाण्यात खबर दिली आहे. तिच्या प्रवासखर्चासाठी हॉटेलच्या गल्ल्याशेजारी एक डबा ठेवला आहे.