लोकशाही आणि ऐकणारा नागरिक



लोकशाही म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मतदान केंद्र उभे राहते. परंतु मत देण्यास एखादे मिनिट लागते. ते मत मनात तयार होण्यास मात्र महिनोन्महिने लागतात. त्या काळात आपण भाषणे ऐकतो, वर्तमानपत्र वाचतो, मोबाईलवर आलेले संदेश पाहतो. म्हणजे नागरिक हा आधी श्रोता असतो आणि मग मतदार. श्रोताच फसला, तर मतदार कसा सावध राहणार?

दुसऱ्याचे मन वळविणे यात गैर काहीच नाही. आपल्या संविधानाच्या १९ व्या कलमाने भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे. मात्र पटवून देणे वेगळे आणि चिथावणे वेगळे. पटवून देणारा कारणे सांगतो, दुसऱ्याचे ऐकून घेतो आणि आपल्याला विचार करण्यास उसंत देतो. चिथावणारा भीती दाखवितो आणि उसंत मिळूच देत नाही. या उसंतीचे मोल आपल्या कायद्यानेही ओळखले आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६ प्रमाणे मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत मतदारसंघात निवडणुकीच्या जाहीर सभा घेता येत नाहीत. सभांचा गलबला थांबावा आणि मतदाराला शांतपणे विचार करता यावा, हा त्याचा लाभ.

ही उसंत नसली म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी आले होते. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्या सुमारास मोबाईलवरून पसरल्या होत्या. जमावाने या पाच जणांना टोळीतले समजून मारहाण केली आणि त्यात पाचही जणांचा मृत्यू झाला. गरीब, परगावचे, पोटासाठी वणवण करणारे ते लोक. तुम्ही कोण, कुठले, एवढे शांतपणे विचारून खात्री करण्याइतकाही धीर जमावाला राहिला नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. यंत्राला मर्यादा घालता येते. मनाला ती ज्याची त्यानेच घालायची असते.

मग सरकारने सारेच बोलणे बंद करावे काय? तोही उपाय नव्हे. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप आली. परंतु छापील बातमी अडविली म्हणून लोकांचे बोलणे थांबले नाही. खरे छापून येत नाही म्हटल्यावर माणसे कुजबुजीवर विसंबू लागली. कुजबुजीत खरे-खोटे निवडणे तर अधिकच अवघड! मार्च १९७७ च्या निवडणुकीत मतदारांनी आपला कौल दिला. बातमी कोंडली तरी लोकशाही आजारी पडते आणि खोट्या बातमीचा पूर आला तरी आजारी पडते.

पालकांनो, यावर औषध आपल्या घरातच आहे. बातमीची शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल, अशी ताकीद कुराण शरीफच्या सूरह हुजुरातमध्ये आहे. हदीसच्या अभ्यासकांनी कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी तपासण्याचे शास्त्रच निर्माण केले. तीच सवय रोजच्या बातमीला लावू या. मूल एखादी गोष्ट सांगत आले तर त्याला दटावू नका, “हे तुला कोणी सांगितले? त्याने स्वतः पाहिले काय? दुसरी बाजू काय म्हणते?” असे विचारा. आणि उद्या तेच प्रश्न त्याने तुम्हाला विचारले, तर त्यास उद्धटपणा समजू नका.

विद्यार्थी मित्रांनो, वक्तृत्व स्पर्धेत तुम्ही बक्षिसे मिळविता, त्याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु विरोधी बाजूचे म्हणणे तिला मान्य होईल अशा शब्दांत मांडून दाखविणे, हाही अभ्यास करा. एकच बातमी दोन वर्तमानपत्रांत वाचून फरक वहीत लिहा. आपल्या समाजाबद्दलची अफवा ऐकून आपल्याला वेदना होतात. तर मग दुसऱ्या समाजाबद्दलची अफवा आपल्या हातून पुढे जाता कामा नये. वयाच्या अठराव्या वर्षी तुम्हाला मताचा हक्क मिळेल. तो बजावण्याची तयारी आजपासूनच करा, एवढीच माझी आपणांस कळकळीची विनंती आहे.